रतनगड ते हरिश्चंद्रगड, थंडीतले तीन दिवस: माणशी सोळाशे ग्रॅमचा शिधा

डिसेंबर-जानेवारीत रेंज ट्रेक (डोंगररांगेने एका गडावरून दुसऱ्या गडावर) ठरला की आधी गाडीचं बोलणं होतं, मग टेन्ट कोणाचा, जादा स्लीपिंग बॅग कोणाकडे आहे, आणि जेवणाचं काय या प्रश्नाला निघायच्या आदल्या रात्री "मॅगी घेऊ, ब्रेड घेऊ, बघू" असं उत्तर मिळतं. मला हे मनापासून खटकतं, कारण थंडीत रात्री झोप लागणार की नाही हे स्लीपिंग बॅगइतकंच संध्याकाळी पोटात काय गेलंय त्यावर असतं, आणि हे मी एकदा चांगलंच भोगलंय.

माझा पहिला हिवाळी मुक्काम हरिश्चंद्रगडावर होता, आम्ही सहा जण. सामानात तूरडाळ, तांदूळ, दोन किलो कांदे, बटाटे, ब्रेडचे तीन पुडे आणि काचेच्या बाटलीतला जॅम. संध्याकाळी डाळ चढवली, कड्याकडून वारा सुटलेला, ज्योत आडवी होतेय, तासभर उकळून पण डाळ दाताखाली कचकच लागत होती आणि तेवढ्यात गॅसचा कॅनिस्टर (ट्रेकच्या स्टोव्हचा छोटा सिलिंडर) संपला. डाळीचं पाणी आणि ब्रेड खाऊन झोपलो. रात्री दोनला आमच्यातला एकजण इतका कुडकुडत होता की त्याला मधे घेऊन दोन बॅगा अंगावर टाकल्या तेव्हा कुठे शांत झाला. दिवसभर आठ तास चाललेला माणूस, पोटात काही नाही, अंग गरम राहणार कशावर?

तेव्हापासून मी एकच नियम धरलाय: आग घरी वापरायची, गडावर फक्त पाणी उकळायचं. आणि त्यासाठी महागडी पाकिटं लागत नाहीत, आपल्या स्वयंपाकघरात असं खाणं पिढ्यानपिढ्या आहे. पोहे, लाह्या, सातू, मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, हे सगळं आधीच भाजलेलं, लाटलेलं नाहीतर उकडून सुकवलेलं. गावाला निघालेल्या माणसाला शिदोरी बांधून द्यायची हीच तर पद्धत होती.

खाली लिहिलंय ते चार माणसांच्या, तीन दिवस दोन रात्रींच्या ट्रेकसाठी. पहिल्या दिवशी रतनवाडीतून अमृतेश्वराचं मंदिर बघून रतनगड, मुक्काम गडावर. दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत आणि पुढे पाचनईच्या बाजूला मुक्काम, हा सगळ्यात दमवणारा दिवस. तिसऱ्या दिवशी हरिश्चंद्रगड करून खाली. तुमचा ट्रेक दुसरा असला तरी हिशोब तोच.

आधी वजनकाटा काढा

स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा लागतोच, अंदाजाने घेतलं की हमखास दीडपट होतं.

हिशोब सोपा आहे. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रोटीन म्हणजे साधारण ४ कॅलरी, एक ग्रॅम स्निग्ध म्हणजे ९. म्हणून जे कोरडं आणि थोडं तुपकट ते पाठीला हलकं आणि पोटाला भारी. शेंगदाणे १०० ग्रॅमला साधारण ५६५ कॅलरी, सुकं खोबरं साडेसहाशेच्या आसपास, तूप ९००, गूळ ३८०, पोहे साडेतीनशे, सातू चारशेच्या जवळपास. आणि बटाटा? ऐंशी सुद्धा नाही, कारण त्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, कांद्यात तर त्याहून जास्त. म्हणजे दोन किलो कांदे घेऊन आम्ही खिंड चढलो ते पावणेदोन किलो पाणी उचलून, आणि पाणी गडावरच्या टाक्यात असतंच, हिवाळ्यात तर बहुतेक टाकी भरलेली असतात.

मी सरसकट एक आकडा धरते: १०० ग्रॅमला चारशे कॅलरीपेक्षा कमी भरणाऱ्या वस्तूला सॅकमध्ये जागा मिळवण्यासाठी दुसरं काहीतरी चांगलं कारण पाहिजे. खजूर या परीक्षेत नापास होतो पण त्याची साखर पटकन लागते म्हणून घेते, पोहे आणि रवा थोडे खाली येतात पण त्यात तूप-शेंगदाणे पडले की वर जातात.

पूर्ण चालीच्या दिवसाला माणशी ६०० ते ६५० ग्रॅम कोरडा शिधा धरा, त्यात २६०० ते २७०० कॅलरी बसतात. पाठीवर दहा किलो घेऊन दिवसभर चढउतार केली की शरीर याहून जास्त जाळतं, पण तीन दिवसांचा थोडा खड्डा अंग भरून काढतं, आठवडाभराचा ट्रेक असेल तर मात्र आकडा वाढवा.

दुसऱ्या दिवसाचं ताट उलगडून बघू

हा दिवस जमला की बाकीचे दोन आपोआप जमतात. सगळी वजनं एका माणसाची.

सकाळी उपमा, तयार मिश्रण १०० ग्रॅम (रवा ७०, तूप १५, शेंगदाणे १५), ४७० कॅलरी.

दुपारी स्टोव्ह काढायचाच नाही. सातू ६० ग्रॅम आणि गूळ २० बाटलीत घालून हलवायचं, बरोबर ६० ग्रॅम भडंग आणि ४० ग्रॅमचा एक लाडू, झाले साडेसातशेच्या वर. दिवसा उन्हात घाम निघतोच, सह्याद्रीत जानेवारीतली दुपार काही थंड नसते, त्यामुळे सातूत चिमूटभर मीठ घालाच.

खिशातला खाऊ म्हणजे दिवसभर चालता चालता खायचा: शेंगदाणे ४०, खजूर ४०, गूळ २०, सुक्या खोबऱ्याच्या कातळ्या १५. हा ११५ ग्रॅमचा पुडा पाचशे कॅलरी देतो आणि प्रत्येकाचा वेगळा असायला पाहिजे, एकाच्या सॅकमध्ये सगळ्यांचा ठेवला की तो माणूस पुढे निघून जातो आणि मागचे उपाशी राहतात.

मुक्कामाला पोचल्या पोचल्या चहा, दूध पावडर २० आणि साखर २०. रात्री कुळथाचं पिठलं आणि कडक भाकरी, कुळथाचं पीठ ५०, भाकरी ८०, तूप १५, साधारण ५८५ कॅलरी. झोपायच्या आधी डिंकाचा एक लाडू, ४० ग्रॅम.

बेरीज केली तर ६२० ग्रॅम आणि २७०० च्या जरा खाली, प्रोटीन पण साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत जातं, ते सातू, शेंगदाणे आणि कुळीथ या तिघांच्या जोरावर. याच ठिकाणी ब्रेड-जॅम आणि नूडल्स असतील तर पोट भरेल पण प्रोटीन फार कमी, आणि ते कमी पडलं की तिसऱ्या दिवशी पाय बोलायला लागतात. नूडल्सचं मी वाईट म्हणत नाही, आणीबाणीला एक पाकीट ठेवते, फक्त फुगीर असतात, सॅकमध्ये जागा खातात.

पहिल्या दिवशी दुपारी घरून आणलेली ताजी शिदोरी, दशम्या किंवा गुळाच्या पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी, २५० ग्रॅम, वजन असलं तरी दुपारपर्यंत संपतंच. रात्री कणीची खिचडी १५० ग्रॅम, बाकी चहा, खाऊ, लाडू तसंच, मिळून ५९५. तिसऱ्या दिवशी ८० ग्रॅमचा नाश्ता, चहा, खाऊ आणि १५० ग्रॅम राखीव, झाले ३८५. त्या दुपारचं जेवण मी मुद्दाम बांधून नेत नाही, हरिश्चंद्रगडावर मंदिराच्या आजूबाजूला गावातल्या लोकांच्या टपऱ्या असतात, पिठलं-भाकरी मिळते, गरम मिळते आणि पैसे त्या गावातच राहतात. आधी फोनवर बोलून ठेवा म्हणजे मावशी पीठ काढून ठेवतात, आडवारी गेलात तर हे जास्तच गरजेचं.

तिन्ही दिवसांचे मिळून माणशी १६०० ग्रॅम.

घरी करायची तयारी

निघायच्या आधीचा शनिवार-रविवार यासाठी ठेवा. ट्रेकपेक्षा महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उपम्याचं मिश्रण. चौघांसाठी जाडा रवा २८० ग्रॅम, तूप ६०, शेंगदाणे ६०. कढईत तूप घालून आधी शेंगदाणे मंद आचेवर तळून बाजूला काढा, त्याच तुपात मोहरी, उडदाची डाळ, जिरं, हिंग, सुक्या मिरच्यांचे तुकडे आणि मग कढीपत्ता. इथे घाई करू नका. कढीपत्ता धुतलेला असेल तर आधी कपड्यावर पूर्ण कोरडा करा, आणि तुपात तो तडतडायचा थांबून पान चमच्याने दाबल्यावर काचेसारखं मोडेपर्यंत ठेवा, कारण पानात ओल राहिली तर आठवड्यात मिश्रणाला कुबट वास येतो. मग रवा घालून बारा-पंधरा मिनिटं परता, खमंग वास सुटला की मीठ, थोडी साखर आणि आंबटपणाला आमचूर. आता सगळ्यात महत्त्वाचं, परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, हात लावल्यावर जराही कोमट लागलं तर भरू नका, आत वाफ धरते. गडावर ८०० मिली पाणी उकळायचं, मिश्रण हळूहळू सोडत ढवळायचं, दोन मिनिटांत गॅस बंद, झाकण, आणि टोप जुन्या शालीत नाहीतर स्वेटरमध्ये गुंडाळून दहा मिनिटं तसाच. शिजण्याचं उरलेलं काम ती ऊब करते, गॅस वाचतो.

कणीची खिचडी. अख्खा तांदूळ आणि अख्खी डाळ नेऊच नका. उंची वाढली की पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी, म्हणजे १४२४ मीटरच्या हरिश्चंद्रगडावर ९५ अंशांच्या आसपासच, त्यात कुकर नाही आणि वारा आहे, मग तूरडाळ कचकच लागणारच. त्याऐवजी तांदळाची कणी घ्या, चौघांना ३०० ग्रॅम, आणि मूगडाळ १६० ग्रॅम गुलाबी भाजून मिक्सरमध्ये भरड काढा. कणी पण कोरडीच भाजून घ्या. त्यात हळद, मीठ, गोडा मसाला, कसुरी मेथी आणि वाळवलेला कांदा-गाजर. ही खिचडी आठ-दहा मिनिटांच्या उकळीत आणि पंधरा मिनिटांच्या गुंडाळण्यात मऊ होते, वरून तूप आणि मेतकूट. खाणारा ताटलीतला शेवटचा कण पुसून खातो, हे मी दर वेळी बघते.

भाज्या वाळवायला हिवाळा उत्तम, हवा कोरडी असते. गाजर, फरसबी, कोबी बारीक चिरून एक मिनिट उकळत्या पाण्यात काढून सुती कपड्यावर गच्चीत दोन-तीन दिवस वाळवा, वर पातळ कापड टाका आणि रात्री आत घ्या. अर्ध्या किलो गाजराचं मूठभर होतं. शिजवलेला भात मात्र उन्हात वाळवायच्या फंदात पडू नका, हळू वाळतो आणि बिघडायची भीती असते, कणी असताना त्याची गरजही नाही.

कुळथाचं पिठलं. पीठ बहुतेक वेळा भाजूनच दळलेलं मिळतं तरी कढईत पुन्हा पाच मिनिटं हलवा. त्यात तिखट, मीठ, लसणाची पावडर आणि दोन-तीन आमसुलं. गडावर तुपाची फोडणी, त्यावर पाणी, उकळी आली की गार पाण्यात कालवलेलं पीठ सोडायचं, पाच मिनिटांत पिठलं. बरोबर सोलापुरी कडक भाकरी, पापडासारखी वाळलेली, आठवडे टिकते. सॅकमध्ये तिचे तुकडे होणार हे धरून चला, तसंही पिठल्यात कुस्करूनच खायचीय.

सातू बाजारात तयार मिळतो. घरी करणार असाल तर डाळं, थोडे गहू आणि जिरं भाजून बारीक दळा. लाडवांचं काय सांगायचं, थंडीत घरोघरी डिंकाचे, मेथीचे होतातच, फक्त ट्रेकसाठी वळताना खोबरं आणि खारीक जास्त घाला आणि आकार छोटा ठेवा.

ज्यांच्याकडे मासे खाल्ले जातात त्यांनी सोड्याची (सुक्या कोलंबीची) किंवा जवळ्याची सुकी चटणी घ्यायला हरकत नाही, अत्यंत हलकी आणि भरपूर प्रोटीन, पण वास बाहेर जाणार नाही अशा डब्यात.

आणि यातला प्रत्येक पदार्थ निघायच्या आधी घरी एकदा घड्याळ लावून शिजवून बघा, मोजून पाणी घालून, ट्रेकच्याच टोपात. पाणी कमी-जास्त झालं तर ते घरी कळू दे.

बांधणी

एक जेवण एक पिशवी. झिपलॉक पिशवीत त्या जेवणाचं सगळं, मीठमसाल्यासकट, आणि वर मार्करने "दिवस २ रात्र, पाणी दीड लिटर" असं ठळक. अंधारात हेडटॉर्चच्या उजेडात थंडीने बोटं बधिर झालेली असताना मिठाची पुडी शोधत बसणं फार वाईट. तूप वेगळं, रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या डबीत, कारण थंडीत ते दगडासारखं थिजतं आणि अरुंद बाटलीतून निघतच नाही. खोबरेल तेलाचंही तेच. मध दाट होतो, म्हणून मी गूळच नेते, तोही घरीच फोडून.

पिशव्या चौघांत वाटा आणि सगळ्यात जड पिशवी सगळ्यात आधी खायची असू द्या. रात्री खाणं उघड्यावर ठेवू नका, गडांवर माकडं असतात आणि गुहेत उंदीर, झिपलॉक त्यांना काहीच नाही, एक घट्ट झाकणाचा डबा ग्रुपमध्ये हवाच. रिकाम्या पिशव्या त्याच पिशवीत घालून खाली आणायच्या, यावर माझी कुठलीच तडजोड नाही.

गॅस आणि पाणी

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे शेकोटीवर स्वयंपाक करू असं मनातही धरू नका. स्टोव्हच न्यायचा.

चौघांना एका मुक्कामात संध्याकाळ-सकाळ मिळून सहा-सात लिटर पाणी उकळावं लागतं, म्हणजे दोन रात्रींचं तेरा-चौदा लिटर. वारा आणि गार पाणी धरून मी लिटरला २० ग्रॅम गॅस मोजते, म्हणजे पावणेतीनशे ग्रॅम, म्हणून २३० ग्रॅमचे दोन कॅनिस्टर. एकात भागेल असं वाटलं तरी दोनच घ्या. थंडीत कॅनिस्टरमधला दाब उतरतो आणि ज्योत मलूल होते, त्यातला साधा ब्युटेन तर शून्याच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो. आपल्याकडे इतकी थंडी नसते, तरी पहाटे फरक कळतो, म्हणून रात्री कॅनिस्टर स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा.

वारा अडवायला सपाट दगड उभे करा पण कॅनिस्टरला चारी बाजूंनी बंद करू नका, तो तापतो. आणि टेन्टच्या आत स्टोव्ह कधीच नाही, कितीही थंडी असो, बंद जागेतला कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय माणूस मारतो.

टाक्यातलं पाणी उकळून किंवा क्लोरीनचे थेंब घालून प्या. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक दिवसभरात जेमतेम लिटरभर पितात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. मुक्कामाला पोचल्यावर चहाच्या आधी प्रत्येकाने दोन मग कोमट पाणी प्यायचं, मग चहा.

झोपताना एक लिटर पाणी उकळून धातूच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, मोज्यात घाला आणि बॅगेत पोटाशी घ्या. लाडू त्याच वेळी खायचा, तुपाचं खाणं हळूहळू पचतं आणि पहाटेपर्यंत अंगाला ऊब देत राहतं. सकाळी त्याच कोमट पाण्याचा चहा टाका, गॅस कमी लागतो. काहीजण थंडीसाठी म्हणून रम नेतात, त्यांना कळकळीने सांगते की दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं आणि खरं तर अंगातली ऊब बाहेर जाते.

बर्फात जाणार असाल तर

केदारकांठासारखा हिवाळी हिमालयी ट्रेक स्वतःच्या स्वयंपाकाने करणार असाल तर काही गोष्टी बदलतात. बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर गॅस जवळपास दुप्पट धरा. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, तिथे कणीपेक्षा पोहे, रवा आणि सातू बरे. उंचीवर भूक मरते आणि तुपकट नकोसं होतं, तेव्हा गूळ, खजूर, सूप असं पटकन जाणारं जास्त घ्या. चिक्की तिथे दात तोडेल इतकी कडक होते, तिचे तुकडे करून अंगाजवळच्या खिशात ठेवा. आणि कॅनिस्टर रेल्वेत किंवा विमानात नेता येत नाही, तो पायथ्याकडच्या मोठ्या शहरातच घ्यायचा, प्रोपेन-आयसोब्युटेन मिश्रणाचा मागून.

परत आल्यावर

सॅक रिकामी करायच्या आधी उरलेल्या पिशव्या काट्यावर ठेवा आणि वहीत लिहा. गेल्या जानेवारीत आमचं परत आलेलं असं होतं: खजूर १८० ग्रॅम, साखर ९०, राखीव नूडल्स तसेच, एक कॅनिस्टर निम्म्याच्या वर भरलेला. तूप, लाडू आणि मेतकूट शून्य. यंदा खजूर माणशी दहा ग्रॅमने कमी आणि लाडू एकेक जास्त लिहिलाय.